बॉनेटखालचा बिब्बा

चहा आधी संपवून घ्या. ही फजिती ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

कोइमतूरला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग करताना चार वर्षं मी रोज एकच चित्र रंगवायचे. मी घाटनांदूरला परत आले आहे, रस्त्यावरच्या आमच्या रिकाम्या गाळ्याचं शटर वर गेलं आहे आणि समोर गाड्यांची रांग लागली आहे. लोक विचारतात, "ताई, इंजिन असं का करतंय?" आणि मी अंदाजपंचे काही न ठोकता त्यांना शास्त्र समजावून सांगते.

परत आले तर रांग लागलेली होतीच. पण शबानाच्या पत्र्याच्या शेडसमोर.

शबाना म्हणजे सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी. माझ्या वहीत बघून गणितं लिहायची. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा तिने त्यांचं गॅरेज हातात घेतलं. मी एसटीतून उतरले तेव्हा भेटलेला पहिला माणूस काय म्हणाला असेल? "आलीस व्हय? ती शबाना बघ, नुसता आवाज ऐकून गाडीची बिमारी सांगती." तुम्हीच सांगा, बॅग अजून माझ्या खांद्यावर होती.

त्यावर कहर म्हणजे आमचा गाळा तिने अण्णांकडे भाड्याने मागितला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सरळ परीक्षाच लावली. "संकष्टीला लिंबागणेशला दर्शनाला जायचं हाय. तुझ्या हातची गाडी नीट गेली अन् नीट आली, तर गाळा तुझा. न्हाईतर शबानाला देतो."

मला तर हेच हवं होतं. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी मी कोइमतूरहून सामान आणलंच होतं. जास्त हवा ओढणारा, अळिंबीसारखा दिसणारा फिल्टर आणि मोठ्या तोंडाचा सायलेन्सर. एका दिवसात सगळं बसवलं आणि गल्ली गोळा करून चावी फिरवली.

गाडीला हुडहुडी भरली. पळवली की ठीक, उभी केली की थडथड. काचा वाजायला लागल्या, पुढचा छोटा गणपती डुलायला लागला.

आई म्हणाली, "ह्यो तर लिंबागणेशला जायच्या आधीच नाचायला लागला."

"आई, इंजिनातला कॉम्प्युटर नवीन सामान शिकतोय. वेळ लागतो."

"त्याला बी चार वर्षं लागत्यात का?"

दोन दिवस मी प्लग बदलले, हवेची झडप धुतली, लॅपटॉप जोडून आलेख बघितले. थडथड काही जाईना. तिसऱ्या दिवशी अण्णा गाडी घेऊन पेंड आणायला गेले आणि परत आले तर इंजिन असं शांत, की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा.

"बघा, शिकला की नाही?" मी गल्लीभर सांगितलं. तेवढ्याने भागेना म्हणून शबानाच्या शेडवर जाऊन तिलाही ऐकवलं. तिने फडक्याला हात पुसले आणि हसली. "चांगलं झालं की."

मला वाटलं, जळली.

संकष्टीच्या आदल्या दिवशी इंजिन पुसायला मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. आतल्या एका नळीच्या टोकाला काळ्या दोऱ्याचे वेढेच्या वेढे आणि त्यात बसवलेला बिब्बा. नजर लागू नये म्हणून आई लिंबू-मिरचीसोबत बंपरला टांगते, तोच. बाहेरचा मी सहन केला होता. पण इंजिनात?

मी दोरा कापला, बिब्बा उपटला, नालीत फेकला आणि आईला वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास सुनावलं.

"मी न्हाई बांधला गं," आई म्हणत होती.

"निदान खोटं तरी बोलू नकोस आई."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आम्ही तिघं निघालो. गल्लीच्या तोंडाशी हुडहुडी सुरू झाली. देवळापाशी गाडी एकदा बंद पडली, बाजारात दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कुठे पडावी? शबानाच्या शेडसमोर. मी अण्णांना म्हणाले, "हाक मारू नका," तोवर ती बॉनेट उघडून आत वाकलेली होती.

"बिब्बा कुठाय?" तिने विचारलं.

"तू पण? शबाना, तू पण हे मानतेस?"

"मानायचं काय त्यात? फिल्टर बदलताना ह्या नळीचं तोंड तू उघडंच ठेवलं. इंजिन तिथून जास्तीची हवा ओढतंय, म्हनून हलतंय. टोपण मी आंबाजोगाईहून मागवलंय. तवर काय बसवू? तुझ्या आईच्या लिंबू-मिरचीतला एक बिब्बा मापात बसला."

माझ्याकडे एकच मुद्दा उरला होता. "मग दोरा काळा कशाला?"

"पांढरा मळतो."

अण्णा विजेच्या तारांवरचे पक्षी मोजत होते. "पेंड आणायला गेलतो तवा दाखवली हिला," ते हळूच म्हणाले. "ही म्हनली, काका, सांगू नका तिला, आत्ताच आलीय."

हे मात्र झोंबलं. तिने बरोबर असावं, हे एक वेळ चालेल. पण बरोबर असून वर चांगलंही वागावं? माणसाने जळायचं तरी कसं?

बंपरला दुसरा बिब्बा होता. तिने तो दोन मिनिटांत बसवला. आम्ही लिंबागणेशला जाऊन चंद्रोदयाच्या आत घरी आलो. गाडीला वाटेत एकदाही हुडहुडी भरली नाही. आई मात्र जो भेटेल त्याला सांगत होती, "बिब्बा काढला अन् गाडी बंद. लावला अन् चालू. माझ्या लेकीनं सोता बघितलं." मी गावात विज्ञान आणायला आले होते. चंद्र उगवेपर्यंत आमच्या गल्लीतल्या तीन मोटारसायकलींना नवे बिब्बे लागले होते.

सकाळी उठले, लॅपटॉप उचलला आणि खुंटीवरून गाळ्याची चावी काढली.

"कुठं चाललीस?" अण्णांनी विचारलं.

"शबानाला द्यायला. गाळा तिचा. मी तिच्या हाताखाली शिकते, ठेवून घेतलं तर."

अण्णांनी माझ्या हातातला लॅपटॉप तेवढा काढून घेतला आणि पान्यांची पेटी दिली.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत किराणा दुकानात थांबले आणि चार बिब्बे मागितले. दुकानदाराने पुडी बांधता बांधता काळजीने विचारलं, "कुणाची नजर लागली वो ताई?"

म्हटलं, "माझीच."