जावई रुसला शिंपल्यांसाठी

माझ्या धाकट्या बहिणीचा संसार अर्धं पोतं शिंपल्यांपायी मोडता मोडता वाचला, आणि त्या शिंपल्या मी स्वतः नदीत बुड्या मारून काढल्या होत्या.

तेव्हा मी सोलापूरच्या एका कापडगिरणीत कारकून होतो आणि दिवाळीला गावी आलो होतो. गाव भीमेच्या काठी, सोलापूरहून बैलगाडीनं पुरा एक दिवस. काशीचं लग्न त्याच वर्षी झालेलं, थेट कोकणातल्या एका बेटावर. (आमच्या गावात समुद्र कोणी पाहिला नव्हता. मुलगा मास्तर आहे एवढं ऐकून आई हरखली. बेट म्हणजे काय हे कोणी विचारलंच नाही.) पहिला दिवाळसण, जावई घरी आलेला. आणि रिवाजाप्रमाणे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो रुसला.

रुसणं हा जावयाचा हक्क. त्यानं ताट सरकवायचं, सासरच्यांशी अबोला धरायचा आणि मागितलेलं मिळेपर्यंत बायकोला घेऊन निघायचं नाही. कोणी अंगठी मागतो, कोणी सायकल. आम्ही अंगठी करून ठेवली होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुसलेला माणूस स्वतः बोलत नाही, म्हणून निरोप काशीमार्फत आला.

"ते म्हनत्यात, मला शिंपल्या खायच्यात."

"काय खायचंय?" आईनं विचारलं.

"शिंपल्या. त्येंच्या बेटावर समदी येका दमात समुद्राच्या तळाला जात्यात आन टोपल्या भरून आनत्यात. ते म्हनत्यात, तुमच्याकडं तसं पानीबी न्हाय आन तसा दमबी न्हाय."

दाजी ओसरीवर आढ्याकडे बघत बसले होते. दमाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांची नजर आढ्यावरून उतरून माझ्या पोटावर थांबली.

आईचा धीर सुटला. "आरं, हिला हितंच ठिवून गेलं तर? गाव म्हनंल, पोरीला टाकली."

"आई, भीमेत शिंपल्यांचा खच पडलाय," मी म्हणालो. "म्या आनतो."

माझा हा आत्मविश्वास उगाच नव्हता. सोलापुरातल्या बऱ्याच विहिरींचे तळ मी गाठले होते. तळाशी जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, नाहीतर बुडी धरत नाहीत, असा तिथला कायदा. आणि शिंपलीशी तर माझी जन्मापासूनची ओळख. लहानपणी मला दूध शिंपलीनं पाजलं, मोठेपणी शिंपली दगडावर घासून, तिला भोक पाडून मी कैऱ्या सोलल्या. शिंपली म्हणजे काय, हे मला कोण्या कोकण्यानं शिकवायची गरज नव्हती!

नदीच्या मधोमध एक खडकाळ बेट आहे. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की उघडं पडतं. (आमचंही बेट होतं, म्हणजे काही कमी नव्हतं.) गंगाराम कोळ्यानं मला काहिलीतून तिकडे नेलं. काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी कढई. गुऱ्हाळ नसेल तेव्हा आमच्याकडे तीच नाव. ती सरळ जात नाही, गिरक्या घेत जाते. त्यामुळे बेटावर उतरलो तेव्हा डोहाचा तळ कोणत्या बाजूला आहे, हे मला गंगारामला विचारावं लागलं.

पहिल्या बुडीत मी तळ गाठला आणि सवयीप्रमाणे मूठभर गाळ घेऊन वर आलो.

"पावनं गाळ खानार हायती का?" गंगारामनं शांतपणे विचारलं.

दुसऱ्या बुडीपासून शिंपल्या लागू लागल्या. पण बऱ्याचशा काळ्या, बुळबुळीत, घट्ट मिटलेल्या आणि जड. आत चिखल भरला असणार, म्हणून त्या मी बेटावर फेकून दिल्या. मला चांगल्या हव्या होत्या, जावयाचा मान होता. उघड्या, स्वच्छ, आतून चकाकणाऱ्या तेवढ्या मी निवडून निवडून पोत्यात भरल्या. डोळे लाल झाले, कानांत गिरणीचा भोंगा वाजू लागला, पण दुपारपर्यंत अर्धं पोतं भरलं. गंगाराम मी फेकलेल्या शिंपल्या धोतराच्या ओच्यात गोळा करत होता.

"त्या कशाला घेतोस?"

"तुमी टाकताय म्हून."

"काय करनार त्येंचं?"

"बगू की," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

घरी आईनं पोत्यात डोकावून पाहिलं. "ह्यात खायाचं कुटं असतंय?"

"शिजल्यावर मऊ पडतं," मी ठोकून दिलं.

आईनं कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून रस्सा चढवला. तासाभरानं शिंपली दाबून पाहिली, मऊ नव्हती. दोन तासांनी चिमूटभर सोडा टाकला. तिसऱ्या तासाला ती म्हणाली, "कोकनातल्या मानसांचं दात लई घट असत्यात वाटतं." मग पाट मांडला, रांगोळी काढली, उदबत्ती लावली आणि दाजींपुढे रस्सा ठेवला. सुवासानं त्यांचा चेहरा खरंच उजळला.

त्यांनी एक शिंपली उचलली, आत पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली. अशा नऊ शिंपल्या पाहून झाल्या आणि दोन दिवसांचा अबोला मोडून ते आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले,

"आतलं कोणी खाल्लं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "आरं, वाटंत खाल्लंस व्हय रं?"

"आत काय असतं?" मी विचारलं. या प्रश्नानं माझी चोरीच्या आळातून सुटका झाली, पण मग मी कोण ठरलो ते सांगत नाही. दाजी उठले. आतापर्यंतचं रुसणं रिवाजाचं होतं, आताचं मात्र खरंखुरं होतं. वळकटी बांधत ते म्हणाले, "उद्या सकाळी मी एकटा निघतो." आई चुलीपाशी बसून जी रडायला लागली ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी फटफटताच काशीनं मला उठवलं. "टोपली घे. चल."

बेटावर तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला आणि पाण्यात शिरली. मी साठपर्यंत मोजलं, मग देवाचं नाव घ्यायला लागलो. ती वर आली तेव्हा दोन्ही हातांत मिटलेल्या, काळ्या, जड शिंपल्या होत्या. अर्ध्या तासात टोपली भरली.

"तू कुटं शिकलीस?"

"तिकडं. वहोटी लागली की म्या आन सासूबाई जातो. ते काठावर छत्री घिऊन हुबं ऱ्हात्यात आन आमी किती काडल्या ते मोजत्यात."

"मग काल पोतं बघितलंस तवाच का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर आजच्या गाडीत बसावं लागलं असतं. म्हनलं, चार दिस जास्ती मिळत्याल आईजवळ." ती लुगड्याचा पदर पिळत होती. "पर आई रडाय लागली, मग बगवंना."

मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे ती परत जाईल की नाही या काळजीत होतो; तिला राहायचं आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं.

"आन दाजी खरंच येकटं गेलं असतं तर?"

"जात्यात कशाचं. तितं येकट्याला शिंपल्या कोन काडून देनार?"

माहेरी आलेल्या लेकीनं जावयासाठी नदीत बुड्या मारल्या हे सांगायची सोय नव्हती. म्हणून शिंपल्या मी काढल्या, असं जाहीर झालं. दाजी टोपलीभर शिंपल्या जेवले, अंगठीही घातली, मला मिठी मारली आणि काशीला घेऊन गेले.

महिन्याभरानं तिच्या सासूबाईंचं पत्र आलं. तुमच्या चिरंजीवांच्या दमाची कीर्ती ऐकली, पुढच्या खेपेला सुनेला न्यायला त्यांनाच धाडा, येतील तेव्हा महिनाभर राहू द्या, इथे कामाला माणूस कमीच आहे. गिरणीत रजा मिळत नाही, असं मी उलट टपालानं कळवलं. (रजा मी मागितलीच नव्हती.)

तेव्हापासून काशीला माहेरी आणायला दर वर्षी आई जाते. पहिल्या वर्षी तिला पोहता येत नव्हतं. आता छान येतं.