मामाचा नंबर

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यात माझा संशय साफ चुकला होता.

मी तेव्हा हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, लष्कर नावाच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा, म्हणजे ठाण्याची डायरी, पाहत असताना दाना ओली मोहल्ल्यातले एक मराठी गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी खासगी शाळेत शिकवायची. महिन्याभराने तिचा साखरपुडा होता. आणि आठ दिवसांपासून वसुलीवाले बापाला फोन करत होते: मुलीने कर्ज काढलंय, हप्ते थकलेत, भरा, नाहीतर तिच्या होणाऱ्या सासरी कळवू.

"काका, मी सच सांगते, मी कुठलंच लोन नाही घेतलं," मुलगी म्हणाली.

नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरं असू शकतं हे मला सुचलंच नाही. तुटपुंजा पगार, लग्नाची खरेदी तोंडावर. तक्रारीचं आवेदन घेतलं, तिला बाहेर बसवलं आणि बापाला हळूच म्हणालो, "घरी तिचं कपाट बघा."

दोन दिवसांनी ते परत आले. कपाटात काही सापडलं नव्हतं. मुलगी बापापासून दोन खुर्च्या सोडून बसली. तेवढ्यात बापाचा फोन वाजला. तो मी घेतला आणि बाप म्हणूनच बोललो.

"बेटी ने लिया है तो बाप भरे," पलीकडचा म्हणाला. "नहीं तो उज्जैन वाले मामा भरें. फॉर्म में उनका भी नंबर है." त्याने नंबर वाचून दाखवला.

मी तो मुलीच्या फोनमध्ये शोधला. नव्हता.

"हिच्याकडे कुठून असणार, साहेब?" बाप म्हणाले. "नऊ साल झाले, मेहुण्याशी आमचं बोलणं बंद आहे."

"मग तो नंबर बाहेर कोणी दिला?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "मीच. बायोडाटात."

आपल्याकडे स्थळाच्या बायोडाटात मामाचं कुळ नसेल तर लोक हजार शंका काढतात. म्हणून त्यांनी भांडण झाकून, बायकोकडून नंबर घेऊन मामा रीतसर लिहिला होता. टायपिंग महाराज बाड्याजवळच्या एका दुकानात झालं. वधूवर मंडळात द्यायच्या आधार, पॅनच्या प्रतीही तिथेच काढल्या होत्या.

दुकानदार पन्नाशीचा, फार नम्र माणूस. इतकी नम्रता दिसली की मी खिसा चाचपतो. पंचांसमक्ष कॉम्प्युटर जप्त केला. आत चार मुलींच्या नावे कर्जाचे फॉर्म निघाले आणि चारही फॉर्मवर मामा होता. आधी त्या मुलींच्या कागदांवर सिमकार्ड काढायचं, मग त्या नंबरवर कर्ज. तासाभराने तो बोलला, "कर्जवाले दोन नातेवाईकांचे नंबर मागतात, साहेब. बायोडाटात बापानंतर मामाच असतो."

गुन्हा नोंदवला. कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र गेलं, फोन थांबले, साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. पत्राची प्रत न्यायला मुलगी एकटीच आली.

"काका, एक पत्र बाबांच्या नावानेही द्या. कर्ज मी घेतलं नव्हतं, असं."

"त्यांना माहीत आहे, बेटा."

"हो. पण मी सांगितलं तेव्हा नाही झालं माहीत. तुम्ही सांगितल्यावर झालं."

मला फार लाज वाटली. संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे, पण तो मी एका बापाच्या हाती दिला होता. असं पत्र देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी स्वतःच्या हाताने लिहिलं, शिक्का मारला आणि खाली एक ओळ वाढवली: कपाट बघायला मी सांगितलं होतं, चूक माझी. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगितलं तरी बाबा 'नाही बघणार' असं तर बोलू शकले असते ना."