भर दुपारी टाकलेला गळ

कुलूपवाल्यांच्या तोंडाचा पट्टा दोनच विषयांवर सुटायचा, अडलेलं कुलूप आणि गळाला लागणारा मासा. त्यातलं कुलूप लवकर आटपायचं. मासा मात्र जेवणं उरकली तरी संपायचा नाही. आभाळ ढगाळ असलेलं बरं, पाण्यावर बारीक लाट उठवणारा वारा असला तर फारच बरं, हवा पालटायच्या बेतात असली की मासा अधाशासारखा तुटून पडतो, पाणी गारठलं की सुस्तावतो. बायको हं हं करत भांडी आवरायची. इतक्या वर्षांच्या संसारात त्यातलं अक्षरही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं.

मग एका सकाळी दुकान उघडताना ते पायरीवरच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. पाय हळूहळू सावरले, हात थोडाफार हलू लागला, पण वाचा गेली. येईल किंवा नाहीही येणार, डॉक्टर म्हणाले. घरात नळाचा थेंब पडलेला ऐकू येऊ लागला. ज्या बडबडीचा तिला उबग आला होता, तिच्यासाठीच आता तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

शेवटी तिने त्यांना तलावावर न्यायचं ठरवलं. दिवस तिने आपल्या अकलेने अगदी निवडून काढला. लख्ख ऊन, भर दुपार, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. आजारी माणसाला काही बाधायला नको. घडीच्या खुर्चीत त्यांना बसवलं, तोंड वाकडं करत गळाला गांडूळ लावलं आणि काठी घेऊन ती थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तळाचे गोटेही मोजता येतील इतकं पाणी नितळ होतं.

मासा काही लागेना. मागे कुलूपवाले चुळबुळत होते, उसासे टाकत होते, सूर्याकडे बोट दाखवत होते. ऊन लागत असेल म्हणून तिने टोपी घातली, ती त्यांनी काढून फेकली. पाणी दिलं, तर पेला ढकलला. काय करावं ते तिला सुचेना. निदान मासा तरी जागा व्हावा म्हणून तिने काठीने पाणी खळखळ ढवळलं.

"अगं, सावली!"

काठी तिच्या हातून सुटली. तिने वळून पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. जड ओझं उचलावं तसा एकेक शब्द ते उचलत होते.

"तुझी सावली... पाण्यात. मासा... पळतो."

"पळू दे," ती म्हणाली आणि तिथेच मटकन बसून मोठ्याने रडली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"रडतेस काय... काठी चालली."

ती गुडघाभर पाण्यात उतरून काठी घेऊन आली. मग यायचं तरी कधी, तिने विचारलं.

"संध्या... संध्याकाळी."

संध्याकाळ व्हायला अजून बराच अवकाश होता. ओल्या कपड्यांनिशी ती खुर्चीला टेकून बसली.

"का?" ती म्हणाली. "सावकाश सांगा. मला ऐकायचंय."