आखूड दांड्या

कारखान्यात सगळे त्याला सूतभर म्हणायचे. काम कुणाचंही असो, "सूतभर चुकलंय" हे त्याचं पहिलं वाक्य. तीस वर्षं लेथवर उभा होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर मशिनने खाल्लं, तेव्हापासून तो डार्ट, म्हणजे फळ्यावर फेकायचा छोटा बाण, अगदी मागे धरायचा. तरी कारखान्याच्या डार्टच्या संघातली त्याची जागा अकरा वर्षं कुणी हलवली नव्हती.

यंदा कप्तान झाला त्याचा साडू, भांडारातला कारकून. त्याने चौघांसाठी एकसारख्या आखूड दांड्या आणल्या. निळ्या, शर्टाला जुळणाऱ्या. दांडी म्हणजे डार्टच्या धातूच्या धडामागची काडी; पंख तिच्या टोकाला बसतात. काडी आखूड झाली आणि पंख सूतभरच्या बोटांवर आले. डार्ट सोडताना दर वेळी अंगठ्याला घासायचे.

रविवारच्या सामन्याची निवड जेवणाच्या सुट्टीत होती. सूतभरचे दोन डार्ट फळ्याच्या कडेला लागले, तिसरा भिंतीत.

"हात थकला, साडूभाऊ," कप्तान म्हणाला. "आता बाकावर बसून टाळ्या वाजवा."

"हात नाही, दांडी. पंख घासतात."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे. आणताना कुणाचा हात बघितलात?"

सूतभरच्या कानशिलाची शीर उडू लागली. माणसाचं हत्यार त्याला न विचारता बदलायचं आणि वर खोट त्याच्याच हातात काढायची! भांडारातले हातमोजेही असेच, एकाच मापाचे. ढिले म्हटलं की हा म्हणणार, बोटं वाढवा.

त्याने खिशातून आपल्या जुन्या लांब दांड्या काढल्या, आटे नीट बसवले, पंख चढवले. कुणी घाई केली नाही. तीन डार्ट टाकले. तिन्ही फळ्यावरच्या विसाच्या घरात, दोन बोटांच्या जागेत.

"लिहा नाव," गुण मांडणारी वेल्डरबाई म्हणाली.

"पण या दांड्या काळ्या आहेत," कप्तान म्हणाला. "रंग एकच ठरलाय."

"मग संघ कापडाच्या दुकानात मांडा," सूतभर म्हणाला. "खेळायला मी जातो."

बाई तोंडाला पदर लावून हसली. कप्तानाने यादीत चौथं नाव घातलं, पेन्सिलीने, बारीक.

"पेनने लिहा."

"अहो, लिहिलं ना."

"खोडायची सोय ठेवून लिहिलंय. पेनने."

कप्तानाने खिसे चाचपले. बाईने आपलं पेन पुढे केलं. अक्षर वाळेपर्यंत सूतभर टेबलापाशी उभा राहिला, मग डबा खायला गेला.