आत्याबाईंची मान

"पदर जरा बाजूला घ्या," मी म्हणालो आणि समोरच्या स्टुलावर बसलेल्या बाईंच्या मानेवर बोटं ठेवली. उजवी बाजू, जबड्याच्या कोपऱ्याखाली. चिठ्ठीत लिहिलं होतं तिथेच गाठ लागली. सुपारीएवढी. मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सिरिंज उचलली.

"डॉक्टर," मागच्या खुर्चीतून आवाज आला, "आत्याला कशाला टोचताय? गाठ मला आलीय."

मी चिठ्ठी पुन्हा पाहिली. पुरुष, वय चौतीस. समोर साठीच्या पुढच्या बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एवढा फरक कळायला पॅथॉलॉजीची डिग्री लागत नाही. माझी टेक्निशियन शैला भिंतीकडे तोंड करून स्लाइड पुसत होती. खांदे मात्र हलत होते.

"अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी बाईंना विचारलं.

"तुमी डाक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, आदी घरच्यांची बगत असतील."

माझी लॅब नगरला आहे. गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या, हे माझं रोजचं काम. आम्ही त्याला एफएनएसी म्हणतो, पेशंट 'सुईची तपासणी' म्हणतात. या धंद्यात माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय राहत नाही. एका लग्नात मी एका गृहस्थांना "थायरॉईड काय म्हणतंय?" असं आपुलकीने विचारलं. ते नवरदेवाचे काका होते आणि त्यांची-माझी ती पहिलीच भेट. बायकोने ते अजून सोडलेलं नाही.

असो. आत्याबाई खुर्चीत गेल्या, पुतण्या स्टुलावर आला. बाळासाहेब, घरी बाळू. श्रीगोंद्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आत्या त्याच्यासाठी कर्जतहून आलेल्या. मी त्याच्या मानेवर बोटं ठेवली आणि शैलाचं हसू, माझी फजिती, सगळं बाजूला पडलं.

तीच बाजू. तीच जागा. फक्त गाठ मोठी, चांगली लिंबाएवढी.

आमच्याकडे मानेत गाठ म्हटली की पहिलं नाव टीबीचं येतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. बाळूच्या सर्जननी, त्यांना आपण डॉ. गायके म्हणू, तेच धरून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या. गाठ तसूभर कमी झाली नाही. म्हणून त्याच संध्याकाळी, गळ्यापुरती भूल देऊन, ती काढून टाकायची ठरली होती. माझी सुई केवळ फाईलला जोडायला.

मी गाठ डावी-उजवीकडे ढकलली. हलली. वर-खाली ढकलली. खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी. टीबीची गाठ अशी वागत नाही. माझ्याकडे स्टेथोस्कोप आहे, पण तो मुख्यतः खुंटीवर शोभेला असतो. तो काढला, गाठीवर ठेवला. आत पाटाला पाणी सुटल्यासारखा आवाज येत होता. प्रत्येक ठोक्याला, सूं... सूं...

मी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. 

"आत्याबाई, तुमची गाठ कधीपासून आहे?"

"वीस वरसं तरी झाली आसतील. दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"कोणाला दाखवली नाही?"

"काय दाखवायची? आमच्या बाला बी हुती. ह्याच्या बापाला बी हुती. नाक जसं बापावर जातं, तशी आमची मान."

इथे थोडं सांगायला हवं. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नळी मानेत एका जागी दुभंगते, बेचक्यासारखी. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक मऊ अवयव असतो. रक्तातला प्राणवायू कमी-जास्त झाला की त्याला कळतं. फार क्वचित त्याचीच गाठ होते. कॅरॉटिड बॉडी ट्यूमर. कधीकधी ती घराण्यात चालत येते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, पण दोन्ही नळ्यांना मिठी मारून बसते आणि रक्ताने गच्च भरलेली असते. टीबीची गाठ समजून तिला छोट्या ऑपरेशन थिएटरमध्ये चाकू लावला तर टेबलावरच माणूस जाऊ शकतो. वाचला तरी अर्धं अंग लुळं पडू शकतं. मी ही गाठ पुस्तकात पाहिली होती, परीक्षेत लिहिली होती. जिवंत माणसाच्या मानेत कधीच नाही.

आणि मघाशी मी आत्याबाईंच्या तसल्याच गाठीत सुई घालणार होतो.

मी गायक्यांना फोन लावला.

"झाली का सुई?" त्यांनी विचारलं.

"नाही मारली. मला टीबी वाटत नाही. कॅरॉटिड बॉडी ट्यूमर वाटतो."

"सुई न मारता?" ते हसले. "अहो, मग आमच्या ज्योतिषाने काय करायचं?"

"वर-खाली हलत नाही. आवाज येतोय. आणि त्याच्या आत्यालाही त्याच जागी आहे."

"आत्याला? मग झालंच की! टीबी घरात पसरतो, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्याकडे पुरावा म्हणजे एक चुकून धरलेली मान आणि वापरात नसलेला स्टेथोस्कोप. शिवाय गायके दर आठवड्याला सॅम्पल पाठवणारे, माझ्या लॅबचे जुने आधार.

"आत्या कर्जतला राहतात," मी म्हणालो. "आणि त्यांची गाठ वीस वर्षांची आहे. टीबी वीस वर्षं गुपचूप बसेल का?"

"डॉक्टर, तुमचं काम सुईचं. माझं काम चाकूचं. मी साडेपाचला घेतोय त्याला."

फोन ठेवला गेला.

इकडे बाळू उठून उभा राहिला होता. "सुई मारायची नव्हती तर बोलवलं कशाला? ऊसतोडीची टोळी फडात बसलीय. आज ऑपरेशन झालं की चौथ्या दिवशी मला गाडीवर पाहिजे."

"बाळू, समोरच्या बिल्डिंगमध्ये सोनोग्राफी करून घे. मग जा."

"अजून एक तपासणी? तुमचं ठरलेलं असतं सगळं. एकमेकांकडे पाठवायचं."

ते लागलं. कारण असं चालतं हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आत्याबाई उठल्या आणि त्यांनी पुतण्याचं मनगट धरलं.

"चल."

"आत्ये, अगं..."

"ह्यो मानूस मगाशी मला टोचाया निगाला हुता तवा लई खुशीत हुता. आता तोंड बग त्याचं. चल म्हनते ना."

मी स्वतः बरोबर गेलो. सोनोग्राफीवाला माझा मित्र जेल लावताना क्रिकेटबद्दल बोलत होता. आत्याबाई बाहेर बाकावर बाळूच्या चपला राखत बसल्या. मित्राने रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर सुरू केला आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. पडद्यावर लाल-निळ्या रंगांचा नुसता जाळ पेटला होता. त्याच्या दोन बाजूंना दोन नळ्या, गाठीने फाकवून लांब सारलेल्या.

"याला कोण कापतंय?" त्याने हळूच विचारलं.

"गायके. साडेपाचला."

त्याने पडद्याचा फोटो काढून मोबाईलवरून गायक्यांना पाठवला. मी लगेच फोन केला.

"माझ्याकडे आज रक्ताची एक बाटलीसुद्धा नाही," गायके म्हणाले. आवाज बसलेला होता. "बाळूला फोन द्या. मी सांगतो त्याला. माझ्या तोंडून ऐकू दे."

त्यांनी सांगितलं. 'माझी चूक झाली असती,' असं सरळ सांगितलं. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नंबरही त्यांनीच लावला. मी सोबत पत्र दिलं. त्यात 'कुटुंबात आणखी एका व्यक्तीला अशीच गाठ' ही ओळ मोठ्या दिमाखात अधोरेखित केली.

पुण्यात आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद केल्या, मग ऑपरेशन केलं. तरीही ते दुपारपर्यंत चाललं आणि रक्त द्यावं लागलं. आत्याबाई तेवढा वेळ जिन्यात बसून होत्या. बाळूचा आवाज काही दिवस घोगरा राहिला, बाकी ठीक. स्लाइड माझ्याकडे मत द्यायला आली. मायक्रोस्कोपखाली पेशींचे गोल गोल पुंजके, त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांची जाळी. पुस्तकात होतं अगदी तसं. बाळू पुढच्याच हंगामात ट्रॅक्टरवर बसला. एकदा लॅबसमोरून जाताना त्याने इतका मोठा हॉर्न वाजवला की शैलाच्या हातून स्लाइड फुटली.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. सुई उचलण्याआधी पेशंटचं नाव विचारायचं. आणि सोबत आलेल्यांनाही विचारायचं, घरात आणखी कोणाला आहे का. डिग्री मिळाल्यावर इतक्या वर्षांनी शिकलेली ही गोष्ट मी आता जमेल तिथे ऐकवतो.

घरीही ऐकवली. बायको लसूण सोलत होती. आत्याबाईंच्या मानेचा प्रसंग मी नकलेसह सादर केला, स्पिरिटचा बोळासुद्धा फिरवून दाखवला. "चुकीच्या माणसाची मान धरली म्हणून बरोबर माणूस वाचला!" असा शेवट केला आणि हशाची वाट पाहिली.

ती हसली नाही. हातातली पाकळी ताटलीत ठेवून म्हणाली,

"चुकीची कशी? गाठ त्यांनाही होतीच की. तुम्ही सगळ्यांनी मिळून बाळूला पुण्याला नेलंत. आत्याबाईंची सोनोग्राफी कोणी केली?"