धुतलेली दोरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला म्हणून बसलो होतो, एकदा नाही, पुष्कळदा – आणि दरवेळी भलतंच काहीतरी बोलून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही तितकंसं सोपं दिसत नाही.

मिलिंदपासून सुरुवात करतो.

मिलिंद आणि मी दिल्लीच्या मुनिरक्यात एका खोलीत राहायचो. तो सांगलीचा, मी पुण्याचा. दोघंही कलेक्टर व्हायला दिल्लीत आलो होतो आणि दोघंही झालो नाही. घरी परत जायची लाज वाटत होती, आणि नेमकी तेव्हाच गुडगावात मोहरीच्या शेतांमध्ये काचेची ऑफिसं उभी राहायला लागली होती. इंग्रजी बोलता येणाऱ्या कुणालाही नोकरी मिळत होती. मला मिळाली. त्याला एका निर्यातवाल्याकडे मिळाली; चादरी-पडद्यांच्या मालासाठी तो सारखा पानिपतला जायचा. मग त्याचं लग्न झालं, अनघा आली. ते दोघं मुनिरक्यातच जरा मोठ्या घरात गेले आणि मी गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये गच्चीवरची खोली घेतली.

सुट्टी मिळाली की आम्ही तिघं अरवलीच्या टेकड्यांत जायचो. मिलिंदकडे एक हॅमॉक होता – दोन झाडांच्या मध्ये टांगायची कापडी झोळी. तो कॉलेजात गिर्यारोहण करायचा, त्यामुळे दोरी हा विषय निघाला की त्याचा चेहराच बदलायचा. झाडाला दोरी थेट बांधायची नाही, बारीक दोरी साल कापते, आणि साल गोल कापली गेली की झाड हळूहळू उपाशी मरतं – हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की तो बोलायला लागला की मी ‘हां यार, हां’ म्हणत दुसरीकडे बघायचो. झाडासाठी तो खाटेची रुंद, जाड नवार आणायचा, पानिपतहून, स्वतः निवडून, टोकं दुहेरी शिवून. आणि नवारीपासून झोळीपर्यंत पांढरी, घट्ट विणीची नायलॉनची दोरी. फार ताणली न जाणारी.

त्या दोरीचं एक भेंडोळं मुनिरक्याची खोली सोडताना माझ्या सामानात आलं होतं. मी ते गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधलं. दिल्लीचे दोन उन्हाळे ते तिथेच होतं.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर जायचं ठरलं. आदल्या आठवड्यात मिलिंदचा फोन आला. नवार तो आणणार, दोरी मी आणायची. त्यानं दुकान सांगितलं, सदर बाजारातलं. आणि म्हणाला, “ती गच्चीवरची आणू नकोस हं. उन्हानं नायलॉन आतून संपतं. बाहेरून कळत नाही. नवीनच घे.”

“बिल्कुल,” मी म्हणालो.

मी गेलो नाही. का गेलो नाही? तुम्हाला वाटत असेल, काहीतरी कारण असेल – आजारपण, ऑफिस, काहीतरी. नव्हतं. शनिवार होता. सदर बाजारची गर्दी डोळ्यांसमोर आली आणि मी झोपून राहिलो. आणि खरं सांगायचं तर – त्यानं मला प्रत्येक गोष्ट शिकवावी याचा थोडा रागही होता. दोरीसारखी दोरी, तिचं एवढं काय?

संध्याकाळी मी गच्चीवरची दोरी सोडली. ती ताठ झाली होती, तिच्यावर बारीक लव आली होती, हात फिरवला की तळव्याला टोचायची. म्हणजे मला कळलं होतं. हे लक्षात घ्या – मला कळलं होतं. मी ती बादलीत साबणाच्या पावडरीत भिजवली, ब्रशनं घासली, नीळ घातली. विसरलो असतो आणि तशीच नेली असती तर तो निष्काळजीपणा झाला असता. निष्काळजी माणूस दोरीला नीळ घालत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या गाडीतून आम्ही गेलो. टेकड्यांतल्या एका तळ्याच्या कडेला, उतारावर, शिसवीची दोन चांगली झाडं होती. मिलिंदनं नवार गुंडाळली. मग माझ्या हातातून दोरी घेतली.

“नवीन ना?”

“कालच आणली.”

त्यानं अनघाकडे बघून म्हटलं, “बघ, सुधारला.” ती हसली. मीही हसलो.

त्यानं गाठी मारल्या. आधी तो स्वतः बसला, दोन-तीनदा जोर देऊन पाहिला. दोरीनं त्याला पेललं. मग तो उतरला, अनघा पुस्तक घेऊन आडवी झाली, आणि तो तिला हलके झोके द्यायला लागला. मी काड्या गोळा करत होतो. आवाज फार मोठा झाला नाही. खाली खडक होता, त्यावर ती पाठीवर पडली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “मिलिंद, माझे पाय कुठेयत?”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजारच्या वस्तीतली माणसं धावत आली, त्यांनी कुठून तरी फळी आणली. तिला गाडीत घेतलं, सीट पाडून. मिलिंद तिचं डोकं धरून बसला. मी किल्ली राहिली म्हणून परत झाडाकडे पळालो. किल्ली खिशातच होती.

नवारीला दोरीचा तुकडा लोंबत होता. तुटलेलं टोक पिंजलेलं, भुरभुरीत. आणि वरती मिलिंदची गाठ – जशीच्या तशी. मी ती सोडवायला गेलो तर सुटेना. नखं लावली, दात लावले. शेवटी सफरचंदं कापायची सुरी आणून कापली. झोळीच्या बाजूची दोरीही काढून घेतली. झाडाच्या सालीवर नवारीचा ओरखडासुद्धा नव्हता.

दोरी मी खिशात घातली आणि गाडी चालवायला बसलो. दुसऱ्या दिवशी घराजवळ एका इमारतीच्या पायाचा खड्डा होता, त्यात टाकली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मिलिंद माझ्याजवळ आला. त्याच्या शर्टावर माती होती. म्हणाला, “गाठ सुटली का रे? तू पाहिलंस ना?”

बघा, खोटं मला रचावंसुद्धा लागलं नाही. त्यानंच ते तयार करून माझ्यासमोर धरलं. दोरी नवी, मी तसं सांगितलेलं. दोरीनं त्याला पेललेलं, ते त्यानं स्वतः अनुभवलेलं. मग उरलं काय? त्याची गाठ. मी म्हणालो, “हो. सुटली होती.”

तो खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो – माझा हात, त्याच्या खांद्यावर.

अनघा पुन्हा चालली नाही. सांगलीहून तिची आई आली, ती मिलिंदशी बोलायची बंद झाली. माझ्याशी बोलायची. वेळेवर गाडी होती म्हणून पोरगी वाचली, असं सगळ्यांना सांगायची. मी पेढे घेऊन गेलो की माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मी ते पेढे न्यायचो. मी त्या घरी जायचो, जेवायचो. कळतंय का तुम्हाला? मी तोंड लपवून पळून गेलो नाही. मी चांगला मित्र झालो.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला ते दोघं आले. पाळणा छताच्या कडीला बांधायचा होता आणि माझ्या सासऱ्यांना काही केल्या जमेना. कुणीतरी म्हणालं, मिलिंदला सांगा, तो यातला माहीतगार आहे. मिलिंदनं दोन्ही हात पाठीमागे नेले. भरल्या घरात, लहान मुलासारखे. अनघा खुर्चीतून म्हणाली, “तो नाही बांधणार. दुसऱ्या कुणालातरी सांगा.” मग मी स्टुलावर चढलो आणि बांधला.

दुपारी पंगत उठल्यावर तिनं मला बाल्कनीत बोलावलं. समोर क्रेनी चालू होत्या.

“तो बुटाची नाडीसुद्धा बांधत नाही रे,” ती म्हणाली. “बिनलेसचे बूट घालतो. मी त्याला किती सांगितलं, माझा राग नाही म्हणून. त्याला खरं वाटत नाही. मी एक विचारू? झाडावरचं सगळं तूच सोडवलंस ना? गाठच होती का? नक्की?”

तिचे डोळे माझ्यावर होते. रागावलेले नव्हते. ती मला विनवत होती, हे मला तेव्हाही कळलं. दुसरं काहीही असू दे, एवढंच तिला हवं होतं. दोरी असू दे, झाड असू दे, दैव असू दे. घाबरून गेलो होतो, सुचलं नाही, हे व्हरांड्यापुरतं म्हणता येईल. इथे मला वेळ होता. आत माझी मुलगी झोपली होती, पाहुणे पानं खात होते, आणि मी विचार करून, शांतपणे उत्तर दिलं.

“गाठच होती, अनघा.”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.”

माझा कबुलीजबाब हा आहे. दोरीचा नाही – या बाल्कनीचा.

नंतर ते सांगलीला गेले. मिलिंदनं तिचं सगळं केलं. उचलणं, आंघोळ, औषधं. बाई ठेवू दिली नाही. मित्र बोलावायचे, तो डोंगराकडे कधी फिरकला नाही. गेल्या हिवाळ्यात तो हार्ट अॅटॅकनं गेला. मी भेटायला गेलो. अनघाचे केस पूर्ण पांढरे झालेत. ती म्हणाली, शेवटच्या दिवसांत तो झोपेत सॉरी म्हणायचा, आणि ती त्याला जागं करायची.

मी तिच्यासमोर बसलो होतो. घरात आम्ही दोघंच होतो. बोलता आलं असतं. शेजारणीनं चहा आणून दिला, तो मी प्यायलो, अनघाला म्हणालो, काही लागलं तर कळव, आणि स्टेशनवर आलो.