वेदीवरची केरसुणी

"हे कुणी ठेवलं रे इथं?"

चर्चच्या मंडळीचे पंच, रिटायर हेडमास्तर, वेदीपुढं उभे राहून ओरडले. दोन बोटांच्या चिमटीत केरसुणी. मेलेला उंदीर धरावा तशी.

ती माझ्या मायनं बांधलेली होती.

गेवराईकडच्या आमच्या चर्चमधला कापणीचा सण. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, कापूस, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. भक्ती झाली की त्याचा लिलाव. आम्हाला रान न्हाई. माय गोदाकाठच्या शिंदीची पानं तोडून आणायची, केरसुण्या बांधायची. मांगवाड्यात आमचं तेच पीक. त्या वर्षी तिनं सगळ्यात दाट केरसुणी निवडली, मुठीला लाल दोरा गुंडाळला. म्हणली, "देवाला हातचं द्यावं, इकतचं न्हाई." मी नववीत होते.

माय उठली. "म्या ठेवली, मास्तर. सलाम."

चर्चमधी एकमेकांना सलामच म्हणतात. तिचा कुणी घेतला न्हाई.

"वेदीपाशी केरसुणी? अक्कल हाय का तुला?" मास्तरांनी ती दाराकडं भिरकावली. चपलांच्या ढिगात पडली. लोक हसले. पाळकसाहेब बायबलची पानं चाळत राहिले. मग मास्तर माझ्याकडं वळले. "ए पोरी, आलीच हायस तर मागून पटांगण झाडून घ्या मायलेकी. तुमचंच काम हाय."

थू! अजून आठवलं की तोंड कडू होतं. या मास्तरांच्या आज्यानं अन् माझ्या पणज्यानं एकाच नदीत बाप्तिस्मा घेतलेला. पाण्यात एकत्र गेले, पण हे जात भिजू न देता बाहेर आले. वर आम्हालाच भाऊबहीण म्हणायचे.

त्या दिवशी उपदेशही मास्तरांचाच. ख्रिस्त वेल, आपण फांद्या. फळ न देणारी फांदी छाटून जाळतात, असं म्हणताना नजर आमच्यावर. "अन् वेलात राहायचं तर नमून राहावं लागतं." माय मान हलवत होती. तिची ती हलणारी मान बघून मला किळस आली. लई किळस आली. मास्तरांची आली त्याहून जास्त.

लिलाव सुरू झाला. कोंबड्यावर बोली चढत होती, हसणं चाललं होतं. माय हळूच दारात गेली, चपलांतून केरसुणी काढली, पदरानं पुसली. अन् वाकली. देवाला वाहिलेल्या त्याच केरसुणीनं पटांगण झाडायला लागली.

"माय, ठेव ती."

"राहू दे गं. झाडल्यानं काय झिजतंय? हाकललं मंग? ख्रिस्तातून तोडतील आपल्याला."

एवढंच भ्या होतं तिला. उपाशी राहायचं न्हाई, मरायचं न्हाई. ख्रिस्तापासून तुटायचं.

"तोडणारे हे कोण?" मी म्हणले. तिच्या हातातून केरसुणी ओढली, सरळ आत गेले. बोली थांबली. मी ती वेदीपुढं न्हाई, वेदीवर ठेवली.

"माझ्या मायचं अर्पण हाय. बोली लावा, न्हाईतर नका लावू. उचलायचं न्हाई."

मास्तर ओरडले. "मंडळीतून नाव काढीन तुझं!"

"काढा. वेल तुमच्या बांधावरचा न्हाई."

बोली कुणी लावली न्हाई. केरसुणी कुणी उचललीही न्हाई. माय दारात उभी होती. ताठ.

आता मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लोक विचारतात, एवढं झालं तरी त्याच चर्चमध्ये कावून जाता? मी निघून गेले तर त्यांनी छाटलं असंच होईल. प्रार्थना मी रोज करते, ख्रिस्ताला धरून आहे. मास्तर अजून पंच आहेत. अजून वेलावरच बोलतात.

माय औंदा गेली. कापणीचा सण जवळ आलाय. शिंदी आणलीय, लाल दोराही आणलाय. केरसुणी वेदीवर ठेवीन अन् शेजारी उभी राहीन. जो कुणी उचलेल, त्याच्याकडून पटांगण झाडून घेईन.